नाकाल्याची तूर

कंटेनरचं सील कापलं म्हणून दार लगेच उघडायचं नसतं. आत धुरी दिलेली असते, तिचा वायू साचलेला असतो, त्याला आधी वाट करून द्यावी लागते. एक दार जरासं किलकिलं करायचं, बाजूला व्हायचं, थांबायचं. वायू मोजायचं यंत्र हातात घेतलेल्या माणसानं मान हलवली की मगच दोन्ही दारं पुरती उघडायची. न्हावा शेव्याच्या ऑक्टोबरातल्या उन्हात आतून जी गरम वाफ तोंडावर येते तिला पोत्यांचा, समुद्राच्या ओलीचा आणि त्याखाली दबलेला एक ओळखीचा वास असतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी जागीच थबकलो होतो. गावच्या आमच्या माळवदाच्या घरात जिन्याखालच्या कणगीचं झाकण काढलं की हाच वास यायचा.

पोत्यांवर पोर्तुगीज अक्षरं होती. आत तूर होती, मोझांबिकच्या नाकाला बंदरातून आलेली. मी मूठभर दाणे तळहातावर घेतले. आमच्या तुरीपेक्षा किंचित बारीक, रंग गाजराकडे झुकणारा. मुंबईच्या बाजारात हिला ‘गजरी’ म्हणतात. टांझानियाच्या तुरीला तिथल्या गावांवरून ‘अरुशा’ आणि ‘मटवारा’ म्हणतात, ब्रह्मदेशातली ती ‘लेमन’. ही नावं वाशीचा हमालही दिवसभर घेतो. अरुशा कुठल्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, मटवारा कुठल्या किनाऱ्यावर आहे, हे कुणी विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही. माल ओळखू आला की झालं.

दाण्यांबरोबर माझ्या हातात मातीचं एक ढेकूळ आलं होतं, बोराएवढं. लाल. बोटांनी दाबलं तसं त्याचं पीठ झालं. आमची माती काळी, चिकट, पावसात पायाला धरून बसणारी. ही वेगळीच होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं आणि ट्रेमध्ये टाकायला सांगितलं. परक्या देशाची माती धान्यासोबत आत येऊ देत नाहीत, तिच्यातून रोग येतात, कीड येते. नियम बरोबरच आहे. पण ज्या शेतातून ही तूर आली त्या शेताची एवढीच खूण माझ्यासमोर होती, आणि ती नष्ट करायच्या यादीत गेली, हे मी विसरलेलो नाही.

मी कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. बिल ऑफ एन्ट्री, माल रोगकिडीपासून मुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, धुरीचा दाखला, लॅबचा रिपोर्ट, यांच्या जोरावर माझं घर चालतं. आणि माझे वडील, आमचे अण्णा, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात तूर पिकवतात. तीन एकर रान, सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन. चांगल्या साली बारा क्विंटल होते. वीस फुटी कंटेनरात साधारण चोवीस टन माल बसतो, म्हणजे २४० क्विंटल. हा हिशेब मी एकदाच केला, परत करायचा धीर झाला नाही. एका कंटेनरात अण्णांची वीस वर्षं बसतात.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “काय रं, आली का तुमची तूर?” ‘तुमची’ या शब्दावर ते जोर देत नसत. नुसतं म्हणत. मला मात्र तो एकच शब्द ऐकू यायचा.

*

तूर इतक्या लांबून का आणावी लागते, याचं उत्तर अर्धं आभाळात आहे आणि अर्धं माणसांच्या घाईत.

आपण मृगात पेरतो. पौषाच्या आसपास शेंगा वाळतात, तुराट्या कापून खळ्यावर येतात. विषुववृत्ताच्या पलीकडे मोझांबिकमध्ये पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो, तेव्हा तिथं पेरणी. काढणी जुलै ते सप्टेंबर. म्हणजे आपली रास निघत असते तेव्हा तिकडे पीक गुडघ्याएवढं असतं, आणि आपली तूर फुलोऱ्यात पिवळी झालेली असते तेव्हा त्यांची पोत्यात भरून बंदराकडे निघालेली असते. ती इथं पोचते सप्टेंबर ते नोव्हेंबरात. तेव्हा घराघरातली जुनी डाळ तळाला गेलेली असते, नवी यायला दोन महिने असतात आणि सण तोंडावर असतात. निसर्गानं दोन मुलखांना एकमेकांची उणीव भरून काढायला नेमलं असावं, इतकं हे वेळापत्रक जुळतं.

पण ते जुळवून घ्यायला आपण गेलो ते घाबरून. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं पाऊस गेला. आमच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्याआधीच्या दिवाळीत तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. आजी म्हणायची, ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.’ म्हणजे अजून बाजारात असलेल्या तुरीवरून घरात भांडण. त्या दिवाळीत आमच्या चाळवजा इमारतीत मी ते खरोखर ऐकलं. शेजारच्या घरात वरण पातळ झालं म्हणून नवऱ्याचा आवाज चढला होता आणि बायको एवढंच म्हणत होती की पुडा आणून दाखवा. त्या हंगामात देशात सगळी मिळून पंचवीस-सव्वीस लाख टन तूर झाली होती. खाणारी तोंडं त्याच्या कितीतरी पुढे होती.

मग ७ जुलै २०१६ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी मापुतोला गेले. भारताचा पंतप्रधान मोझांबिकला जाण्याची ही वेळ चौतीस वर्षांनी आली होती, १९८२ साली इंदिरा गांधी गेल्या होत्या. तिथं डाळींचा करार झाला. पाच वर्षं भारत मोझांबिककडून तूर आणि इतर डाळी घेणार. पहिल्या वर्षी १ लाख टन, मग दरवर्षी पंचवीस हजार टनांनी वाढत २०२०-२१ मध्ये २ लाख टन. पुढे २०२१ साली हा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला, मलावीकडून वर्षाला ५० हजार टन आणि म्यानमारकडून १ लाख टन तूर घ्यायचंही ठरलं.

मोझांबिकशी आपला कोळशाचा व्यवहार आहे, तिथल्या समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या साठ्यात आपल्या सरकारी कंपन्यांचा पैसा गुंतलेला आहे. त्या आकड्यांपुढे तूर किरकोळ ठरते. पण कोळसा कंपनीचा असतो. तूर तिथंही दोन-तीन एकरवाल्याची असते, मक्यात आणि कसाव्याच्या कंदांत लावलेली. व्यापारी सायकलवरून येतात, पाच किलो, दहा किलो असं घेत गावोगाव फिरतात, आणि त्या मुठीमुठींचे ढीग साचत साचत नाकाल्याला कंटेनर भरतो. दोन देशांच्या करारात मला सगळ्यात आपलं वाटतं ते हेच.

*

नाकाला नकाशावर शोधताना माझं बोट थोडं खाली घसरलं आणि एका ठिपक्यावर थांबलं. ‘इल्य द मोसांबिक’, मोझांबिकचं बेट. देशाला नाव याच बेटावरून पडलं. ते नांपुला प्रांतात आहे, नाकालाही त्याच प्रांतात. मार्च १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतकडे येताना या बेटाला लागला होता. नंतर पोर्तुगीजांनी तिथं मोठा किल्ला बांधला, आणि गोव्याला जाणारी जहाजं वारा चुकला की तिथंच मुक्काम करायची. गोंयच्या सायबाचा, फ्रान्सिस झेवियरचा, १५४१-४२ चा हिवाळा याच बेटावर गेला. पुढच्या मे महिन्यात तो गोव्याला उतरला.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता. तिथल्या अधिकाऱ्यांचा वरिष्ठ लिस्बनला नव्हे, मांडवीच्या काठी बसायचा. अडीचशे वर्षं हुकूम इथून तिथं जात होते. आता आपण दोघं एकमेकांना ‘दूरचा मित्रदेश’ म्हणतो, आणि हे ऐकताना कुणाला काही आठवत नाही.

हुकमाच्या जहाजांत कापडही होतं. दीवचे वाणी तिकडे कापड न्यायचे, हस्तिदंत आणायचे. १६८६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं दीव ते मोझांबिक या व्यापाराचा मक्ता त्यांच्या मंडळीला दिला होता. हे सगळं चालायचं वाऱ्यावर. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून जायचं, आणि नैर्ऋत्येचा सुटला की त्याच्या पाठीवर बसून परत यायचं. ज्या वाऱ्याची वाट अण्णा मे महिन्यात बांधावर उभे राहून पाहतात, तोच हा वारा. आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून तो आमच्या रानापर्यंत येतो.

या व्यापारात माणसंही विकली गेली, हेही इथंच लिहायला हवं. त्या बेटावरून गुलाम म्हणून माणसं जहाजात चढवली गेली, आणि गोव्यातही ती उतरवली गेली. जुन्या संबंधांचे गोडवे गाताना हे पान उलटून जाता येत नाही.

आणि तूर? ती तर या सगळ्यांच्या आधी निघाली होती. तूर मुळात आपल्याकडची. तिचा रानटी भाऊबंद आजही ओडिशा-बस्तरच्या जंगलांत सापडतो. विदर्भात तुळजापूर गढीच्या उत्खननात ३,००० हून अधिक वर्षांपूर्वीचे तुरीचे दाणे मिळाले आहेत. इथून ती कुणाच्या तरी गाठोड्यातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेली आणि तिथली झाली. स्वाहिलीत ती ‘म्बाझी’ आहे, किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवून सकाळच्या न्याहारीला खातात. मलावीत ती ‘नांदोलो’. मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी तिला ‘फेजांव बोएर’ म्हटलं. आफ्रिकेतून ती गुलामांच्या जहाजांबरोबर अटलांटिकपलीकडे गेली, जमैकात ‘गुंगो’ झाली, पोर्तो रिकोत ‘गांदुल’. गांदुल हा शब्द तेलुगूतल्या ‘कंदुलु’चा, म्हणजे तुरीचाच, नातू असावा असं काही अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकात ती पुन्हा एकदा इथून गेली, या वेळी कागदपत्रांसह. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, सुरू झाली. तिनं तुरीचे वाण इकडेही दिले आणि आफ्रिकेतही. आमच्या भागात ‘मारुती’ आणि ‘आशा’ हे वाण मर रोगाला दाद देत नाहीत म्हणून लावले गेले. मलावीत याच संस्थेच्या कामातून आलेला ‘काचांगू’ त्याच कारणासाठी लावला गेला. अण्णांच्या तुरीला आणि तिकडच्या तुरीला एकच दुखणं, आणि औषधही एकाच अंगणातून गेलेलं. नाकाल्याची तूर परकी, असं म्हणताना म्हणूनच माझी जीभ अडखळते.

*

२०१६ चा पाऊस चांगला झाला. आधीच्या साली डाळीनं २०० गाठलेले लोकांनी पाहिले होते, सरकारनं हमीभाव वाढवला होता, बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये. ज्यानं त्यानं तूर लावली. अण्णांनी सोयाबीनच्या ओळी कमी केल्या. आमच्या तीन एकरांत एकोणीस क्विंटल झाली, एवढी मी तरी कधी पाहिली नव्हती. देशात जवळपास ४९ लाख टन. एका वर्षात दुपटीला आली.

भाव बसला. हमीभावाच्या हजारभर रुपये खाली सौदे व्हायला लागले. मग सगळे खरेदी केंद्राकडे वळले. अण्णा ट्रॅक्टरची ट्रॉली भाड्यानं घेऊन गेले आणि रांगेत लागले. बारदाना संपला म्हणून दोन दिवस माप बंद. मग चाळणी बिघडली. मग सुट्टी. ट्रॉलीचं भाडं दिवसावर चढत होतं. अण्णा नऊ रात्री ट्रॉलीखाली झोपले, फेब्रुवारी सरून ऊन तापायला लागलं होतं तेव्हा. अकरा क्विंटलचं माप झालं. उरलेल्या आठसाठी पुन्हा नंबर लावला, आणि २२ एप्रिलला खरेदी बंद झाली. ती आठ त्यांनी आडतीवर घातली, अडतीसशेनं. पट्टी घरी आणली आणि देव्हाऱ्यातल्या डब्यात न ठेवता खुंटीला टोचून ठेवली. आई सांगते, कितीतरी दिवस ती तशीच वाऱ्यावर हलत होती.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर ब्रह्मदेशाच्या लेमन तुरीचे कागद होते. मोझांबिकची तर दिवाळीपासूनच गोदामांत पडून होती. मी घरी फोन केला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. एरवीचा तो प्रश्नही त्यांनी विचारला नाही. तो न विचारलेला प्रश्न मला आजवरच्या सगळ्या फोनांपेक्षा जड गेला.

सरकारनं मग आयात आवरायला घेतली. मार्च २०१७ मध्ये तुरीवर दहा टक्के शुल्क आलं होतं. ५ ऑगस्ट २०१७ ला अधिसूचना निघाली की बाहेरून वर्षाला २ लाख टनच तूर येईल. देशादेशांतल्या करारांची तूर त्यातून वगळली होती, म्हणजे कागदावर दिलेला शब्द मोडला नव्हता. आमच्या गावात लोकांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ऑगस्ट म्हणजे तिकडची काढणी. भारत आता आपली तूर घेणार म्हणून मोझांबिक, मलावी, टांझानियात लोकांनी मक्याची जागा कमी करून तूर लावली होती, करारातल्या आकड्याच्या कितीतरी पुढे. तिथं तुरीचं वरण रोज कुणी खात नाही. ओल्या शेंगा खातात, थोडी शिजवतात, बाकी सगळी भारतासाठी. दार बंद झाल्यावर ती कुणाला विकायची? भाव असा कोसळला की काढणीची मजुरी निघेना, काहींनी ती शेतातच उभी सोडली.

नाकाल्याच्या एका शिपिंग कचेरीत एक मुलगी कागद पाहायची. आमचं बोलणं ईमेलवर, तेही वजन, सील नंबर आणि तारखांपुरतं. तिचं गाव झांबेझिया प्रांतात, हे एकदा कशावरून तरी निघालं होतं. त्या ऑगस्टमध्ये एका रद्द झालेल्या बुकिंगच्या पत्राखाली तिनं इंग्रजीत एक ओळ जास्तीची लिहिली. माझ्या वडिलांच्या घरात बोएरची चौदा पोती आहेत, तुमच्या सरकारनं असं का केलं?

मी तिला उत्तर दिलं नाही. काय देणार? माझ्या वडिलांनी नऊ रात्री ट्रॉलीखाली काढल्या म्हणून, हे खरं उत्तर होतं. पण ते तिच्या वडिलांच्या चौदा पोत्यांवर ठेवलं तर दोन्ही बाजूंचं वजन सारखंच भरत होतं.

आयातीला विरोध हवा की नको, यावर गावाकडच्या मित्रांशी माझे पुष्कळ वाद झालेत. माझं मत सांगतो. आपल्या शेतकऱ्याच्या राशीच्या वेळी, डिसेंबर ते मार्चमध्ये, बाहेरची तूर गोदामं भरून बसलेली नसावी. ती यायची तर भाद्रपद ते कार्तिकात यावी, आणि किती येणार ते तिकडच्या पेरणीच्या आधी जाहीर झालेलं असावं, इकडच्या पेरणीच्या आधीही. बियाणं जमिनीत गेल्यावर नियम बदलणं हा मला अन्याय वाटतो, मग ती जमीन औशाची असो की झांबेझियाची. २०१६ मध्ये घाईनं करार केला, २०१७ मध्ये घाईनं दार लावलं, २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा सताड उघडलं आणि पुढे मुदत वाढवत नेली. दर वेळी शहरातल्या डाळीचा भाव बघून. यात दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या गेल्या, दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि तिकडूनही सगळं सरळ होतं असं नाही. २०२३ च्या शेवटी, जेव्हा इथं तूर क्विंटलला १०,००० च्या वर गेली होती आणि प्रत्येक जहाजाची वाट पाहिली जात होती, तेव्हा नाकाल्याला भारतासाठी भरलेली तूर अडकून पडली. तिथल्या निर्यातदारांचे आपसातले दावे कोर्टात गेले होते, माल सोडायला यंत्रणा तयार नव्हती. आपल्या सरकारला राजनैतिक पातळीवर बोलावं लागलं. त्या दोन महिन्यांत आमच्या कचेरीतला फोन खाली ठेवायची सोय नव्हती. गोव्याहून हुकूम सुटायचे तो काळ गेला. आता विनंती करावी लागते, वाट पाहावी लागते. हे चांगलंच झालं आहे. बरोबरीच्या माणसाशी व्यवहार असाच असतो.

*

२०१८ च्या दिवाळीला गावी जाताना मी वाशीच्या बाजारातून दोन किलो गजरी घेतली. ती कशासाठी घेतली हे बायकोनं विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

अण्णा ओसरीवर बसले होते. मी पिशवी पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, “ही बघा ती.” त्यांनी हात घातला, मूठ उचलली, बोटांच्या फटींतून दाणे खाली सोडले. मग एक दाणा दाताखाली धरला. कट्टकन वाजला. “वाळीव चांगली हाय,” ते म्हणाले. दुसरा दाणा नखानं सोलून आतली डाळ उन्हाला धरली. बराच वेळ पाहत राहिले. तुरीकडे असं पाहताना मी त्यांना लहानपणापासून बघत आलोय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नव्हता.

“भुंगा न्हाई एकबी. ठिवलीय नीट कुणीतरी,” ते म्हणाले. आणि मग, “पेरून बघावी का रं दोन ओळी?”

मी नको म्हटलं. खायला आणलेलं परदेशी धान्य पेरायचं नसतं, त्याच्यासोबत रोग येतो, हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. तेवढ्यात आईनं पिशवी उचलून नेली. रात्री भिजत घातली, सकाळी उपसून ओल्या फडक्याखाली दडपली, दोन दिवस पत्र्यावर उन्हात वाळवली. मग जातं पुसलं. आता जात्यावर कोण भरडतं? पण आईनं खुंटा ठोकला, वैरण घालायच्या मापानं दोन दोन मुठी टाकत ती भरडायला बसली. जात्याच्या पाळूखालून पिवळी डाळ, टरफल आणि चुणी असं एकत्र सांडत होतं. सुपात घेऊन पाखडताना टरफलं वाऱ्यावर गेली. खाली उरलेली डाळ आमच्या डाळीशेजारी ठेवली तर मलाही वेगळी काढता आली नसती.

वरण शिजायला वेळ लागला, आईनं दोनदा पाणी वाढवलं. तूप, मीठ, लिंबू. अण्णा पहिला घास खाऊन थांबले. “आपली गोड हाय,” ते म्हणाले. आणि मग भात पुढे ओढून परत वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर त्यांनी मला खूप प्रश्न विचारले. तिकडं पेरणी कवा? ओळीनं लावतात का टोबतात? बैल हायत का? बैल बऱ्याच भागात नाहीत, कुदळीनं करतात, असं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, “मग ही येवढी तूर हातानं काढलीय म्हण की.”

मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळानं मोझांबिकचं बेइरा शहर झोपवलं. आपल्या नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं तेव्हा त्याच समुद्रात होती, ती सगळ्यांच्या आधी मदतीला पोचली. सुजाता, सारथी, शार्दूल अशी त्यांची नावं. अण्णांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि मला फोनवर ती तिन्ही नावं म्हणून दाखवली.

मग मार्च २०२३. ‘फ्रेडी’ नावाचं वादळ महिनाभर हिंदी महासागरात फिरत होतं. ते एकदा मोझांबिकवर येऊन गेलं, समुद्रात परतलं आणि पुन्हा वळून झांबेझियात शिरलं. रात्री साडेनऊला फोन वाजला. अण्णा एवढ्या उशिरा कधी करत नाहीत.

“अरं, त्ये वादळ म्हणं तुरीच्या मुलखात गेलंय. त्यांची तूर हाय का गेली?”

त्यांची. मी फोन कानाशी धरून नुसता बसलो. मग म्हटलं, विचारून सांगतो.

त्या मुलीला मी सहा वर्षांनी, वजन आणि सील नंबर सोडून, पहिल्यांदा काही लिहिलं. २०१७ च्या त्या ओळीचं उत्तरही त्यातच लिहिलं, ट्रॉलीखालच्या नऊ रात्रींसकट. तिचं उत्तर यायला पाच दिवस लागले. वीज नव्हती. वडील सुखरूप आहेत, घराचं छप्पर गेलं, मका आडवा झाला. बोएर उभी आहे पण शेतात पाणी साचलंय, वाचेल की नाही ठाऊक नाही.

मी अण्णांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडून काही क्षण नुसता श्वास येत राहिला.

“किती दिस झालं पाणी उभं हाय?”

“चार-पाच तरी.”

“मुळ्या कुजायच्या आत काढाया पायजे. उताराकडं चर काढा म्हणावं, वीतभर रुंद, दोन ओळींमधनं. लई खोल नगं, मूळ तुटंल. आन् पाणी गेल्यावर लगीच कोळपू नका म्हणावं, वाफसा येऊ द्या.”

चर या शब्दाला इंग्रजीत काय लिहावं ते मला पटकन सुचेना. वाफशाला तर सापडलाच नाही. शेवटी कागदावर शेताचं चित्र काढलं, दोन ओळींमधून उताराकडे जाणारी रेघ, रेघेच्या टोकाला बाण, त्याचा फोटो काढला आणि नाकाल्याला पाठवून दिला.